अडलेल्या गाईचं बिल: दीडशे वर्षांचा हिशोब

आजची नोंद पिकाची नाही, गोठ्याची आहे आणि जरा लांब आहे. धारा काढून झाल्यावर सवडीनं वाचा.

बारा बलुतेदारांची यादी आठवून बघा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट... गावाला लागणारा जवळजवळ प्रत्येक कसबी माणूस त्यात आहे. औत मोडलं की सुतार यायचा, फाळ बोथट झाला की लोहार. त्या दिवशी पैशाचं कुणी बोलत नसे, सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं. पण गुरांचा वैद्य या यादीत नाही. ज्या बैलाच्या खांद्यावर सगळी शेती, त्याच्या दुखण्याची सोय गावगाड्यानं वर्षाच्या धान्यात बांधून घेतलेली नव्हती. जाणता धनगर, म्हातारा गुराखी, फिरस्ता वैदू, डागणी देणारा, जो हाताशी असेल तो. त्याला पायली-दोन पायली दाणे, नाहीतर नारळ आणि जेवण. घोड्यांचं वेगळं होतं. त्यांचे वैद्य म्हणजे सालोत्री, ते सरदार-राजांच्या पागेला बांधलेले असत. बैलाला पागा नव्हती.

हे आज काढायचं कारण असं. रात्री अकराला कुणाची तरी गाय अडते, डॉक्टर फोनवर आधी फी सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, डॉक्टर लोकांना माणुसकी उरली नाही. दुसरी म्हणते, शेतकरी उधारी बुडवतात. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण या भांडणाचं मूळ आजच्या डॉक्टरपेक्षा आणि आजच्या शेतकऱ्यापेक्षा जुनं आहे. ते कुठनं आलं ते नीट बघितलं, तर उपायही सापडतो.

साथ आली की सरकार येतं

इंग्रजांच्या राज्यात जनावरांचं डॉक्टरी शिक्षण सुरू झालं ते घोड्यांसाठी. १८६२ मध्ये पुण्यात लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली. फौजेला घोडा लागायचा, म्हणून घोड्याला डॉक्टर मिळाला.

गाई-बैलांकडं सरकारचं लक्ष गेलं ते बुळकांडीमुळं. आजच्या पोरांना हा शब्दही माहीत नसेल. ताप, तोंडात फोड, मग पाण्यासारखा संडास, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. एका गोठ्यातनं सुरू झाली की गावंच्या गावं रिकामी करायची. बैल मेले की नांगरट नाही, नांगरट नाही तर पीक नाही, आणि पीक नाही तर सरकारचा सारा नाही. १८६९ मध्ये गुरांच्या साथींसाठी आयोग नेमला गेला. त्याचे प्रमुख हॅलन नावाचे लष्करी पशुवैद्य होते. १८७१ मध्ये अहवाल आला आणि ही साथ केवढी मोठी आहे ते कागदावर आलं.

पुढची पावलं बघा. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली, तीच १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तिथं बुळकांडीवरचं सिरम तयार झालं. १९२० च्या दशकात तिथंच बकऱ्यांवरनं तयार केलेली लस आली. सिरम महाग पडायचं, ही लस स्वस्त होती, त्यामुळं ती लाखो जनावरांना देणं आवाक्यात आलं. १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम चालली. आपल्या देशात शेवटची साथ १९९५ मध्ये नोंदली गेली, आणि २०११ मध्ये हा रोग जगातनं संपल्याचं जाहीर झालं. माणसांतली देवी सोडली, तर माणसानं पूर्णपणे संपवलेला हा एकच रोग.

या मोहिमेत लस टोचणाऱ्यानं गोठ्याच्या दारात पैसे मागितले नाहीत. का? कारण माझी म्हैस आजारी पडली तर उद्या शेजाऱ्याची पडणार. साथीचं नुकसान सगळ्यांचं, म्हणून खर्च सरकारी तिजोरीतनं. लाळ्या-खुरकूतची आजची लस त्याच हिशोबानं फुकट मिळते. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातनं लंपी पसरली, तेव्हाही तेच झालं. लस फुकट टोचली आणि मेलेल्या जनावराला मदत ठरली: दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार.

पण अडलेली गाय ही साथ नाही. ती शेजाऱ्याच्या गोठ्यात पसरत नाही. पोटफुगी पसरत नाही, बाहेर आलेलं मायांग पसरत नाही, म्हशीच्या पोटात पीळ बसलेली पिशवी पसरत नाही. हे संकट एका घराचं, एका रात्रीचं. त्यामुळं साथीसाठी उभ्या राहिलेल्या यंत्रणेत त्याला जागाच नव्हती.

दवाखाना आला, पण जनावर चालत जाईल तर

एकेका जनावराच्या उपचाराचं काय? शहरात ते धर्मादायावर चाललं. मुंबईची पांजरपोळ १८३४ ची. व्यापाऱ्यांनी मालावर लाग बसवून असल्या संस्था चालवल्या. परळच्या महाविद्यालयाशेजारचं जनावरांचं हॉस्पिटल बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं आहे, म्हणजे तेही देणगीतनं उभं राहिलेलं. शहरात पैसा होता, दाते होते, आणि टांग्याचे घोडे नि गाड्यांचे बैल रस्त्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडायचे. रानातल्या गोठ्यात पडलेल्या बैलाला दाता कुठनं भेटणार?

खेड्यासाठी दवाखाने आले ते जिल्हा लोकल बोर्डांच्या खर्चानं. स्वातंत्र्यानंतर घटनेनं पशुवैद्यकीय सेवा हा विषय राज्यांकडं दिला. आपल्याकडं १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावाजवळचे दवाखाने त्यांच्याकडं गेले. आजही बरेच दवाखाने जिल्हा परिषदेचेच आहेत. तिथं शुल्क नाममात्र आहे, हे कबूल केलंच पाहिजे. गरिबाच्या जनावराला या दवाखान्यांनी मोठा आधार दिला.

पण या दवाखान्याची मूळ मांडणी बघा. इमारत एका जागी, वेळ दिवसाची, आणि जनावर मालकानं घेऊन यायचं. लंगडणारा बैल चालत जातो. ताप असलेली शेळी खांद्यावर जाते. वासरू अर्धं बाहेर आलेली गाय कशी जाणार? पाय ताणून पडलेली, मान पोटाकडं वळवलेली पाचशे किलोची होल्स्टिन कशी जाणार? तातडीच्या वेळी डॉक्टरलाच गोठ्यात यावं लागतं. दवाखान्यातली सेवा स्वस्त झाली, पण दवाखाना गोठ्यापर्यंत आणायचा खर्च आपल्याच अंगावर राहिला. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानं दर पाच हजार जनावरांमागं एक पशुवैद्य असावा असं सुचवलं होतं. आपल्या दवाखान्याच्या कार्यक्षेत्रात किती जनावरं येतात, ते एकदा विचारून बघा.

औषध स्वस्त, येणं महाग

दुग्धज्वराचं उदाहरण घ्या. गाय व्याली, दूध जोरात उतरलं, रक्तातलं कॅल्शियम घसरलं आणि गाय बसली. नाव ज्वर, पण ताप नसतो, उलट कान गार पडतात. एकेकाळी युरोपात अशी बसलेली बरीच जनावरं मरायची. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या कोल्डिंग गावातल्या श्मिट नावाच्या पशुवैद्यानं कासेत औषधाचं पाणी सोडून गाई उठवून दाखवल्या. पुढं लक्षात आलं की कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. खरं कारण कॅल्शियम आहे हे १९२० च्या दशकात स्पष्ट झालं, आणि मग शिरेतनं कॅल्शियम द्यायची पद्धत रुळली. आज तीच बाटली आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये काही शे रुपयांत मिळते.

म्हणजे इलाज जुना, पक्का आणि स्वस्त आहे. महाग आहे ते त्या बाटलीबरोबर जाणकार हात वेळेत येणं. कारण तीच बाटली घाईघाईनं शिरेत सोडली तर हृदय बंद पडून गाय जागेवर जाते. बिलात आपण देतो ते डॉक्टरच्या येण्याचे, जागरणाचे आणि हाताच्या सवयीचे पैसे. बाटलीची किंमत त्यात थोडीच असते.

दुसरी गोष्ट, आपली जनावरंही बदलली. दोन-तीन लिटर देणाऱ्या खिल्लार गाईला दुग्धज्वर क्वचितच व्हायचा. साठीच्या दशकात सधन पशुविकासाच्या योजना आल्या, १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ सुरू केली, १९७० पासून दुधाचा महापूर आला. दारात कृत्रिम रेतन, संकरित गाई, दूध वीस लिटरच्या पुढं. त्यानं घरं उभी राहिली, पोरं शिकली. पण त्याबरोबर दुग्धज्वर आला, मोठ्या हाडाची वासरं अडायला लागली आणि एकेका गाईत लाखाच्या आसपास पैसा अडकला. संकट वाढलं, संकटातली किंमत वाढली, आणि त्या रात्रीच्या पैशाची सोय मात्र जुन्या जागीच राहिली.

दुधाचा पगार हेच नवं बलुतं

एका ठिकाणी मात्र हा प्रश्न बराचसा सुटला. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ चा, त्रिभुवनदास पटेलांनी उभा केलेला, पुढं कुरियन यांनी वाढवलेला, तोच अमूल. त्यांनी दुधाबरोबर पशुवैद्यकीय सेवाही बांधली. ठरलेल्या दिवशी डॉक्टरची गाडी गावात, आणि मधेच तातडीचं काही झालं तर सोसायटीतनं कॉल, त्याची फी आधीच ठरलेली. आपल्याकडं कोल्हापूरकडच्या गोकुळ, वारणा अशा संघांनीही याच वाटेनं सेवा उभी केली.

यातली खरी युक्ती पैशाची आहे. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं, आपल्या भागात त्याला दुधाचा पगारच म्हणतात. पशुखाद्य त्यातनं कापतात, तशी औषधाची रक्कमही कापता येते. रात्री खिशात रुपया नसला तरी डॉक्टर येतो, कारण पैसे कुठनं येणार ते त्याला माहीत आहे. सेवा आधी, धान्य सुगीला, हीच तर बलुत्याची रीत. जुन्या गावगाड्यानं गुरांच्या वैद्यासाठी जे केलं नाही, ते दूध सोसायटीनं केलं.

जिथं सोसायटी खमकी आहे, तिथं हे अजून चालतं. जिथं संघ बसले, जिथं दूध खासगी गाडीला रोज वेगळ्या भावानं जातं, तिथं ही साखळी तुटली. मराठवाडा-विदर्भात तर ती बऱ्याच ठिकाणी नीट जुळलीच नाही. आणि ज्याच्याकडं फक्त बैलजोडी आणि चार शेळ्या आहेत, त्याला दुधाचा पगारच नाही, मग कापणार कशातनं?

विमा मेल्यावर देतो

मग कुणी म्हणेल, विमा आहे की. आहे, आणि घ्यावाच. सत्तरच्या दशकात सर्वसाधारण विमा सरकारी झाल्यावर, बँकेच्या कर्जावर घेतलेल्या दुभत्या जनावरांना विमा लागू होत गेला. २००५-०६ मध्ये केंद्रानं निवडक १०० जिल्ह्यांत हप्त्याला निम्मं अनुदान देऊन पशुधन विमा योजना सुरू केली. २०१४ नंतर ती राष्ट्रीय पशुधन अभियानात आली. २०२४ मध्ये शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला.

पण हा विमा मुळात मरणाचा आहे. जनावर दगावलं, किंवा काही पॉलिसींत कायमचं निकामी झालं, तर पैसे. कानातला बिल्ला पाहिजे, शवविच्छेदनाचा अहवाल पाहिजे. उपचाराचा खर्च त्यात धरलेला नसतो. सोपा हिशोब मांडू. समजा गाईचा विमा ७० हजारांचा आहे. आज रात्री ६ हजार खर्च केले तर गाय वाचू शकते. ते ६ हजार विमा देणार नाही, मेली तर ७० हजार देईल. कुठलाही शेतकरी यासाठी गाय मरू देत नाही. पण नियमाची मांडणी अशी आहे, एवढं तर दिसतंच.

आता सगळं एका ओळीत ठेवा. साथीचा खर्च सरकारनं उचलला. मरणाचा विम्यानं उचलला. शहरात दात्यांनी थोडा उचलला. एका जनावराला एका रात्रीत वाचवायचा खर्च कायम मालकाच्या खिशात राहिला, तोही रोख आणि त्याच क्षणी. डॉक्टर आणि शेतकरी भांडतात ते या रिकाम्या जागेत उभं राहून.

डॉक्टरची बाजूही ऐका

खासगी डॉक्टरचं पेट्रोल स्वतःचं, औषध आधी विकत घेतलेलं, रात्रीच्या अंधारात वीस किलोमीटर. जनावर उठलं तर देव पावला, आणि मेलं तर डॉक्टरनं मारलं, हे आपल्याकडचं बोलणं. मेलेल्या गाईचं बिल मागायला कुठल्या तोंडानं जायचं? त्यामुळं बरेच जण आधी पैसे सांगतात, ओळखीच्यालाच उधार देतात, किंवा रात्रीचा फोनच उचलत नाहीत. कटू वाटतं, पण त्यांनाही घर चालवायचं आहे.

याचा आणखी एक परिणाम होतो, त्याकडं आपण कमी बघतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानं करायचे. पदविकाधारकांना राज्यानं ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा पशुवैद्याच्या देखरेखीखाली करता येतात. तरी रात्री पहिला फोन पुष्कळदा बिगरशिक्षित माणसाला जातो. तो जवळ असतो आणि उधारीवर येतो, म्हणून. दोन-तीन तास ओढाताण होते, वासराचा पाय मोडतो, पिशवी फाटते, आणि मग खऱ्या डॉक्टरला बोलावतात. तोवर वेळही गेलेला असतो आणि अर्धे पैसेही. पैशाची सोय आधी नसली की माणूस डॉक्टर निवडत नाही, उधारी निवडतो.

मग आपण काय करायचं

सरकारनं अलीकडं १९६२ हा टोल-फ्री नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकांच्या गाड्या दिल्यात. निकष एक लाख जनावरांमागं एक गाडी. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात ३ कोटी ३० लाख पशुधन होतं, म्हणजे साधारण ३३० गाड्या आणि तालुके साडेतीनशेच्या वर. तालुक्याला धड एक गाडी. चांगली सोय आहे, वापरा. पण एकाच रात्री दोन टोकांच्या दोन गावांत गाई अडल्या तर एक गाडी पुरणार नाही. आपल्या तालुक्यातली गाडी किती ते किती वाजेपर्यंत फिरते आणि शुल्क काय, हे आत्ताच विचारून ठेवा.

दुसरं, किसान क्रेडिट कार्ड. २०१९ पासून ते पशुपालनालाही मिळतं, आणि खेळत्या भांडवलात चारा-पाण्याबरोबर जनावरांच्या औषधोपचाराचा खर्चही धरला आहे. आपण ते पीककर्ज म्हणूनच बघतो. बँकेत जाऊन पशुपालनाची मर्यादा मागा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचं: वाडी-वस्तीचा गोठा निधी. दूध सोसायटीची युक्ती आपणच लहान आकारात करायची. तीस घरांनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर महिन्याचे ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. बचत गटाच्या वहीत वेगळं पान काढलं तरी चालतं. नियम थोडे, पण लेखी:

१. जवळच्या नोंदणीकृत डॉक्टरशी दिवसाची आणि रात्रीची फी आधीच बोलून ठरवायची.

२. डॉक्टर आले की त्यांची फी निधीतनं त्याच रात्री द्यायची. जनावर वाचो की न वाचो, येण्याचे पैसे पक्के.

३. ज्याचं जनावर, त्यानं ती रक्कम दुधाच्या पगारातनं किंवा सुगीला, तीन-चार हप्त्यांत परत भरायची. शेळीवाल्याला जास्त मुदत.

४. औषधांची चिठ्ठी वहीला जोडायची. पुढं विम्याला दावा करायची वेळ आली तर उपचाराचा पुरावा तयार.

यात कुणावर उपकार नाहीत. डॉक्टरला खात्री मिळते, म्हणून तो फोन उचलतो. शेतकऱ्याला मुदत मिळते, म्हणून त्याला उधारीवाल्याकडं धावावं लागत नाही. दर अमावस्येला हिशोब सगळ्यांसमोर वाचायचा, म्हणजे कुरबुरी होत नाहीत.

बुळकांडी सगळ्यांनी मिळून खर्च केला म्हणून संपली. अडलेली गाय कधी संपणार नाही, गाई वितच राहणार. तिच्यासाठी दिल्ली-मुंबईची तिजोरी उघडेल तेव्हा उघडेल. तोवर तीस घरांची वही काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या गावात रात्रीच्या डॉक्टरच्या पैशाची काही वेगळी रीत असेल तर जरूर कळवा. चांगली असेल तर पुढच्या नोंदीत मांडतो.